बालविभाग आणि अभ्यासिका यांच्या मधली मुलं

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात गेलं की दोन जागा बहुधा दिसतात. खाली एका कोपऱ्यात बालविभाग: बुटकी कपाटं, भिंतीवर रंगवलेले प्राणी, इसापनीती, तेनालीराम. वर अभ्यासिका: लाकडी कप्प्यांत मान खाली घालून एमपीएससीची तयारी करणारी बाविशी-पंचविशीतली मुलं-मुली. या दोन्हींच्या मधली, म्हणजे दहा ते सतरा वर्षांची मंडळी कुठे बसतात? विचारलं तर उत्तर येतं, ती येतच नाहीत. त्यांना क्लास असतो, हातात मोबाइल असतो. दोन्ही कारणं खरी आहेत, पण पुरी नाहीत. जी थोडी येतात त्यांच्याशी देवघेवीच्या काउंटरवर काय बोललं जातं ते ऐकलं की उरलेलं कारण कळतं. ‘दप्तर बाहेर ठेव.’ ‘हे तुझ्या वयाचं नाही.’ ‘वर्गणी थकलीय, बाबांना पाठव.’ ही वाक्यं दुष्ट माणसं बोलत नाहीत. या वयाच्या मुलांशी कसं वागायचं हे ज्यांना कुणी कधी शिकवलंच नाही, अशी साधी, कामाच्या ओझ्याखालची माणसं बोलतात.

ते शिकवता येतं का, या प्रश्नावर अमेरिकेत जवळपास शंभर वर्षं खल चालू आहे. क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९२५मध्ये फक्त किशोरांसाठी एक दालन उघडलं आणि त्याला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं नाव दिलं. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात मेबल विल्यम्स यांनी शाळांशी जोडणी करायचं काम हाती घेतलं आणि १९२९पासून किशोरांसाठी दरवर्षी पुस्तकांची यादी निघू लागली. दालन झालं, यादी झाली. आता त्या दालनात उभं राहणारा माणूस कसा घडवायचा? याचं सर्वांत ठाम उत्तर दिलं ते बाल्टिमोरमधल्या मार्गारेट एडवर्ड्स यांनी.

एडवर्ड्सबाई मूळच्या शिक्षिका. १९३२मध्ये त्या बाल्टिमोरच्या ईनॉक प्रॅट ग्रंथालयात आल्या, १९६२मध्ये निवृत्त झाल्या आणि १९६९मध्ये ‘द फेअर गार्डन अँड द स्वॉर्म ऑफ बीस्ट्स’ हे पुस्तक लिहिलं. ग्रंथपालांसाठी लिहिलेलं पुस्तक इतकं खुसखुशीत आणि भांडखोर असू शकतं, हे त्यामुळे कळतं. त्यांच्या हाताखाली काम करायचं तर पहिली अट वाचनाची. सहायकाने सुमारे ३०० पुस्तकं वाचायची. नुसती वाचून चालत नसे. थोडी थोडी वाचून झाली की बाईंसमोर बसायचं आणि बोलायचं: हे पुस्तक कुणाला देशील? मोटारींशिवाय दुसरं काही न सुचणाऱ्या पोराला यातलं काय सांगशील? जी मुलगी एवढ्यात तीनदा प्रेमकथाच घेऊन गेली, तिला चौथ्या वेळी काय पुढे करशील? यातून वर्गीकरणाचे आकडे पाठ होत नाहीत. पण समोर उभ्या पोराच्या चेहऱ्याकडे बघून कपाटातलं एक पुस्तक काढायचा सराव होतो.

या पद्धतीची दुसरी बाजू शाळेची. बाईंचे सहायक शहरातल्या माध्यमिक शाळांच्या वर्गांत जाऊन पुस्तकांबद्दल बोलत. पुस्तकाचा सारांश सांगायचा नाही, उपदेश तर नाहीच. एखादा प्रसंग असा सांगायचा की पुढचं ऐकण्यासाठी मुलाला पुस्तक उघडावं लागेल. १९४०च्या दशकात तर त्यांनी घोडागाडीत पुस्तकं भरून ती शहराच्या गरीब वस्त्यांतून फिरवली. वस्तीतल्या पोरांना पुस्तकांआधी घोडा आवडला असणार, यात मला शंका नाही. बाईंनाही नसावी.

एडवर्ड्स यांचा एक आग्रह आपल्याला फार उपयोगी पडेल. किशोरांना ‘किशोरांची’ पुस्तकं देऊन थांबू नका, त्यांना मोठ्यांच्या कपाटापर्यंत न्या, असं त्या म्हणत. बाईंचं टोपणनाव ॲलेक्स. त्यावरून नाव घेतलेले ‘ॲलेक्स पुरस्कार’ मोठ्यांसाठी लिहिलेल्या, पण किशोरांना भावणाऱ्या पुस्तकांना आजही मिळतात. मराठीचा विचार केला तर मुद्दा लगेच पटतो. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’चा नायक नववीत आहे, पण ती कादंबरी बहुतेक ठिकाणी मोठ्यांच्या कपाटात उभी असते. प्रकाश नारायण संतांचा लंपनही तिथेच. नववीतला मुलगा बालविभागात फास्टर फेणे संपवून हात हलवत परत जातो आणि दहा पावलांवर त्याचंच वय छापलेलं असतं. त्याला तिथवर नेणारा माणूस ती पुस्तकं वाचलेला असला तरच नेईल.

या परंपरेला पुढे ओहोटी लागली. १९७८मध्ये कॅलिफोर्नियात मतदारांनी मालमत्ता करावर मर्यादा घातली, ग्रंथालयांचं उत्पन्न आटलं, आणि कात्री लागली की किशोर विभागाची पदं आधी जातात हे दिसलं. १९८८मध्ये देशपातळीवर झालेल्या सरकारी पाहणीचा निष्कर्ष बोचरा होता: सार्वजनिक ग्रंथालयात येणाऱ्या चारांतला एक जण १२ ते १८ वयाचा, पण या वयासाठी खास ग्रंथपाल असलेली ग्रंथालयं फक्त ११ टक्के. उरलेल्या ठिकाणी या मुलांना भेटत कोण होतं? काउंटरवरचा लिपिक, संदर्भ विभागातला कंटाळलेला गृहस्थ, सुरक्षारक्षक.

यातून एक शहाणपणाचा निर्णय निघाला. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या किशोरसेवा शाखेने १९९०च्या दशकात खास पदांची वाट बघणं सोडलं आणि सर्वसाधारण कर्मचाऱ्यांना शिकवू शकतील असे प्रशिक्षक तयार करायला घेतले. हे प्रशिक्षक आपापल्या राज्यात जाऊन कार्यशाळा घेत, आणि समोर शिपायापासून संचालकापर्यंत कुणीही बसलेलं असे. कौशल्यांची यादी शाखेने १९८१मध्येच केली होती, ती पुढे अनेकदा बदलली. २०१७च्या आवृत्तीत पुस्तकांबरोबर किशोरांची वाढ, त्यांचं शिकणं, घर-समाजाशी नातं, सांस्कृतिक जाण असे विषय आले आणि ही यादी सगळ्याच कर्मचाऱ्यांसाठी आहे असं स्पष्ट झालं. किशोरांच्या मेंदूवरचं संशोधनही एव्हाना प्रशिक्षणात शिरलं होतं. आवेग आवरणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, हे कळल्यावर जिन्यात खिदळणारा पोरांचा घोळका म्हणजे आपला जाणूनबुजून केलेला अपमान, असं वाटायचं कमी होतं. मात्र अशा सत्रांचा अतिरेकही होतो. मेंदूची रंगीत चित्रं तासभर दाखवून माणूस मुलांशी बोलायला शिकत नाही.

शिकागोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात २००९मध्ये ‘यूमीडिया’ सुरू झालं तेव्हा तर ग्रंथपालांच्या शेजारी कवी, संगीतकार, व्हिडिओ बनवणारे मार्गदर्शक बसवले गेले. मुलांनी नुसतं टवाळक्या करत बसावं, मग हळूहळू खटपट करावी, आणि त्यातल्या काहींनी पुढे झपाटून जावं, अशी त्यामागची कल्पना. पुढे गाजलेला चान्स द रॅपर शाळकरी वयात तिथे येत असे. कर्मचाऱ्यांना यात सर्वांत कठीण गेला असेल तो पहिला टप्पा. पोरं टवाळक्या करत असताना मध्ये न बोलणं हेसुद्धा शिकावं लागतं.

दहा ते तेरा या वयाकडे अमेरिकेपेक्षा स्कँडिनेव्हियाने बारकाईने पाहिलं. स्टॉकहोमच्या कुल्टूरहूसेट या सांस्कृतिक केंद्रात २०११पासून ‘टिओ ट्रेटॉन’ आहे, म्हणजे ‘दहा तेरा’. नावाप्रमाणे त्याच वयाच्या मुलांना आत प्रवेश, आई-बाबा उंबऱ्याबाहेर. आत पुस्तकं आहेत आणि स्वयंपाकघरही. ऑस्लोच्या ट्योयेन या संमिश्र वस्तीत २०१६मध्ये ‘बिब्लो’ उघडलं, दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. तिथलं स्वयंपाकघर एका जुन्या ट्रकमध्ये थाटलेलं आहे. छायाचित्रांत ट्रकच जास्त दिसतो, पण खरी गोष्ट तिथल्या मोठ्यांची आहे. आई-वडील दाराबाहेर थांबले की आत असलेला प्रत्येक मोठा माणूस मुलांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा होतो. तो शिक्षक नाही, नातेवाईक नाही, रागावणार नाही आणि घरी सांगणार नाही. अशी माणसं जाहिरात देऊन मिळत नाहीत, घडवावी लागतात.

आपल्याकडे प्रशिक्षणाचा इतिहास पाहिला तर सुरुवात लाजिरवाणी मुळीच नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि पुढच्याच वर्षी तिथे ग्रंथालयशास्त्राचा वर्ग सुरू झाला. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची पंचसूत्री १९३१ची. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, हे त्यातलं दुसरं सूत्र ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक वर्गात पाठ करून घेतात. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. आज शासनमान्य ग्रंथालयं ११ हजारांहून अधिक, अ-ब-क-ड अशा वर्गांत विभागलेली. एवढं जाळं फार कमी राज्यांकडे आहे. पण जिल्हा ग्रंथालय संघांच्या प्रमाणपत्र वर्गात भर असतो तो वर्गीकरणावर, तालिकीकरणावर, दाखल नोंदवहीवर, अनुदानाच्या कागदपत्रांवर. वाचकाचं वय या विषयाला त्यात फारसं बोट लागत नाही. दोष वर्ग घेणाऱ्यांचा नाही. तपासणीला येणारा अधिकारी नोंदवही बघतो, मुलं बघत नाही.

वेगळा प्रयत्न झाला तो सरकारी चौकटीबाहेर. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ने ग्रंथालय चालवणाऱ्यांसाठी काही महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात मुलांची पुस्तकं स्वतः वाचणं, त्यांवर चर्चा करणं आणि आपल्या ग्रंथालयात प्रत्यक्ष काही करून पाहणं यांना जागा आहे. एडवर्ड्सबाई पाहत्या तर मान डोलावत्या. पणजीचं ‘बुकवर्म’ २००५पासून गोव्यात मुलांमध्ये काम करतं आहे, आणि त्याच्या संस्थापक सुजाता नोरोन्हा या अभ्यासक्रमाच्या अध्यापनातही आहेत. दिल्लीत ‘द कम्युनिटी लायब्ररी प्रोजेक्ट’मध्ये विलंब शुल्क आणि वर्गणी दोन्ही नाहीत. बाबांना पाठव, हे वाक्य तिथे बोलायची सोयच उरली नाही.

आता आपल्या काउंटरकडे वळू. प्रशिक्षणात एक सराव असा घेता येतो. एकाने कर्मचारी व्हायचं, दुसऱ्याने आठवीतली मुलगी. मुलीच्या हातातल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: वर्गातल्या सगळ्यांची पाळी सुरू झाली, हिची नाही, ही घाबरली आहे. तोंडाने मात्र ती एवढंच विचारते, ‘जीवशास्त्राचं पुस्तक आहे?’ पहिल्या फेरीत बहुधा असं होईल: ‘कितवीचं?’ ‘आठवी.’ ‘पाठ्यपुस्तकं नसतात गं आपल्याकडे.’ संपलं. दुसऱ्या फेरीत कर्मचारी जरा सावध होईल आणि विचारेल, ‘कशाबद्दल हवंय नक्की?’ हा प्रश्न बरोबर असूनही मुलगी गप्प बसेल, कारण मागे दोन काका पेपर वाचताहेत. तिसऱ्या फेरीत काही जणांना सुचेल: ‘शरीर, आरोग्य वगैरे त्या कपाटात आहे. बघ हवं ते काढून. इथे बसून वाचायचं तर नोंद नको करायला.’ आणि तो आपल्या कामाला लागेल. प्रश्न कमी, वाट मोकळी. तिन्ही फेऱ्या मिळून पाऊण तासात होतात, खर्च शून्य.

कायद्याचा भागही या शिक्षणात हवाच, तोही हातचं राखून न ठेवता. १८ वर्षांखालच्या मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२चा. असा गुन्हा घडल्याचं कळलं तर तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ते वाचनालयातल्या माणसालाही लागू आहे. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन काउंटरच्या काचेवर लावलेली हवी. त्याच बरोबर मुलगी कोणतं पुस्तक घेऊन गेली हे तिच्या वडिलांना चहाच्या टपरीवर न सांगण्याचाही पाठ हवा. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणूनच.

अमेरिकेतल्या मराठी घरांत नातवंडांना ‘व्हॉलंटियर अवर्स’साठी ग्रंथालयात जाताना आजी-आजोबांनी पाहिलं असेल. तिथे किशोरांचं सल्लागार मंडळ असतं, मुलं कार्यक्रम ठरवतात, पुस्तकं सुचवतात. आपल्या कार्यकारी मंडळात पंधरा वर्षांचं पोर बसवायची कल्पना मांडली तर अध्यक्षांना ठसका लागेल. निदान खरेदीआधी चार मुलांना पुस्तकविक्रेत्याकडे घेऊन जायला हरकत नसावी.

अडचण खरी आहे ती पगाराची. ‘ड’ वर्गातल्या वाचनालयातला माणूस बहुतेक वेळा एकटाच ग्रंथपाल, लिपिक आणि झाडूवाला असतो, मानधन इतकं तुटपुंजं की दिवसा दुसरं काहीतरी करावं लागतं. त्याला ३०० पुस्तकं वाच म्हणणं हा विनोद होईल. दहा म्हणता येईल. जिल्हा संघाची बैठक होतेच. तिथे अनुदानाचा विषय संपल्यावर अर्धा तास एका पुस्तकावर बोलता येईल, कुणाला देशील या एकाच प्रश्नावर. पहिल्या यादीत ‘शाळा’ असावी, लंपनचं एखादं पुस्तक असावं, ‘किशोर’ मासिकाचे काही जुने अंक असावेत, भूतकथा तर असायलाच हवी. आणि त्या बैठकीचा प्रवासभत्ता वेळेवर मिळाला, तर माणसं पुस्तक वाचूनही येतील.