विरोधी बाकावरची लोकसेवा

निवडणूक संपली, मंत्रिमंडळ बनले, आणि आपण मत दिलेला उमेदवार विरोधी बाकावर जाऊन बसला, की पुष्कळ मतदार पाच वर्षांपुरते हात झटकून मोकळे होतात. ‘आपला माणूस सत्तेत नाही, आता आपले कोण ऐकणार?’ हे वाक्य काचीगुड्याच्या गल्ल्यांतही वरचेवर कानी येते. भाड्याच्या घराची अडचण असो, बंद झालेली बस असो की नळाचे गढूळ पाणी असो, बोलणे या एका वाक्यावर येऊन थांबते. हैदराबादेतील मराठी समाजाला तर ते अधिकच पटते. आपण या शहरात कित्येक पिढ्या राहत आहोत. परंतु संख्येने थोडे आणि विखुरलेले आहोत. केवळ आपल्या मतांवर कोणाचे सरकार येणार नाही की जाणार नाही. तेव्हा थोड्यांचे म्हणणे सभागृहात पोचते कसे आणि तेथे त्याचे होते काय, हा प्रश्न आपल्यासाठी केवळ पुस्तकी नाही. महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचा थोडा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे. उदाहरणादाखल आम्ही प्रा. मधु दंडवते यांची संसदीय कारकीर्द घेतली आहे.

दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे झाला. व्यवसायाने ते शिक्षक. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवीत. १९४२ च्या चळवळीत आणि १९५५ च्या गोवा सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला होता. १९७१ साली ते कोकणातील राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले आणि ती निवडणूक धरून सलग पाच वेळा तेथील मतदारांनी त्यांनाच दिल्लीस पाठविले. १९७१ च्या त्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या होत्या, आणि दंडवते ज्या पक्षातर्फे उभे होते त्या प्रजा समाजवादी पक्षाला अवघ्या २. साडेतीनशेंच्या समोर दोघे! मते मोजून निर्णय होणाऱ्या सभागृहात अशा सभासदाने करायचे तरी काय?

याचे उत्तर सभागृहाच्या नियमांत आहे. नागरिकशास्त्र शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, की संसद ही केवळ मते मोजण्याची जागा नसून सरकारला जाब विचारण्याचीही जागा आहे. आणि जाब विचारण्याचा हक्क पक्षाच्या संख्येवरून ठरत नाही. एकट्या सभासदाच्याही हाती काही साधने असतात. पहिले साधन प्रश्नाचे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. उत्तर अपुरे वाटले तर त्याच विषयावर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. दुसरे साधन कपात सूचनेचे. एखाद्या खात्याची मागणी सभागृहापुढे आली, की त्यातून शंभर रुपये कमी करावेत, अशी सूचना सभासद मांडतो. शंभर रुपये वाचविणे हा तिचा हेतू नसतो. त्या खात्याविषयीचे गाऱ्हाणे सभागृहाच्या दप्तरात नोंदविले जावे, हा असतो. तिसरे साधन खाजगी सभासदाच्या विधेयकाचे. मंत्री नसलेला सभासदही कायद्याचा मसुदा मांडू शकतो. अशी विधेयके क्वचितच मंजूर होतात. स्वातंत्र्यानंतर केवळ १४ मंजूर झाली आणि त्यांतील शेवटचे १९७० साली. तथापि नामंजूर झालेल्या विधेयकाचा विचार पुढे सरकारी विधेयकात उतरला, असे अनेकदा घडले आहे. चौथे साधन याचिकेचे. नागरिकांनी सह्या करून दिलेला अर्ज सभासदामार्फत सभागृहापुढे ठेवता येतो आणि याचिका समिती त्याची छाननी करते.

ही साधने दिसायला लहान आहेत. त्यांना धार येते ती अभ्यासाने आणि चिकाटीने. मंत्र्याजवळ खात्याचे सारे अधिकारी असतात. विरोधी सभासदाजवळ असते ती ग्रंथालयातील अहवालांची थप्पी, आणि मतदारांनी पाठविलेली पत्रे. पत्रात ‘आमच्याकडे फार हाल आहेत’ एवढेच असेल तर त्याचा प्रश्न बनत नाही. कोणती गाडी, कोणत्या तारखेस, किती तास उशिरा आली, हे लिहिलेले असेल तर बनतो.

आता रेल्वेचे पाहू. पूर्वी रेल्वेचा अर्थसंकल्प स्वतंत्रपणे मांडला जाई. २०१७ पासून तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिळविण्यात आला. त्या स्वतंत्र अर्थसंकल्पावरील चर्चा हे विरोधी सभासदांचे मोठे व्यासपीठ असे. कोणाचे स्थानक, कोणाचा पूल, कोणाचा रखडलेला मार्ग, सारे तेथे निघे. कोकणची स्थिती त्या काळी काय होती, हे आजच्या तरुण वाचकांस सांगितले पाहिजे. मुंबईच्या गिरण्या आणि गोद्या ज्यांच्या श्रमावर चालत, त्या रत्नागिरी जिल्ह्याच्या माणसाला गावी जावयास रेल्वेच नव्हती. बोट किंवा घाटाची एस.टी., दोनच मार्ग. १९५७ पासून राजापूरचे प्रतिनिधित्व करणारे बॅ. नाथ पै यांनी कोकणच्या रेल्वेचा आग्रह लोकसभेत धरला. तेही विरोधी बाकावरच बसत. १८ जानेवारी १९७१ रोजी त्यांचे अकाली निधन झाले, आणि त्याच वर्षी त्यांच्या जागी आलेल्या दंडवत्यांनी ती मागणी जणू वारसाहक्काने उचलली.

आणीबाणीत दंडवते कारागृहात होते. १९७७ च्या मार्च महिन्यात सरकार बदलले आणि हा विरोधी सभासद एकदम रेल्वेमंत्री झाला. इतकी वर्षे जे मागितले ते आता त्याने करून दाखवावे, अशी ही परीक्षा होती. तिसरा वर्ग १९७४ साली नावाने रद्द होऊन त्याचा दुसरा वर्ग झाला होता. पण झोपण्याची फळी लाकडाची ती लाकडाचीच राहिली होती. दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर दोन इंच जाडीच्या फोमच्या गाद्या बसविण्यास आरंभ केला. वरच्या वर्गाला खाली ओढणे नव्हे, तर खालच्या वर्गाला वर उचलणे, ही त्यामागची त्यांची दृष्टी होती. १९७७ च्या डिसेंबरात मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान ‘गीतांजली एक्स्प्रेस’ सुरू झाली. तीत वर्गभेद नव्हता. १९७४ च्या मे महिन्यातील संपात कामावरून काढलेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत घेतले. ज्यांनी लाकडी फळीवर रात्रीच्या रात्री काढल्या आहेत, त्यांना दोन इंचांची किंमत सांगावी लागणार नाही.

कोकण रेल्वे मात्र एवढ्यात झाली नाही. पैसा नव्हता आणि सह्याद्रीचा उतार सोपा नव्हता. आपट्यापासून रोह्यापर्यंतचा टप्पा १९८६ साली कोठे पुरा झाला. त्या अवधीत दंडवते पुन्हा विरोधी बाकावर जाऊन बसले होते. १९८४ च्या निवडणुकीत त्यांच्या जनता पक्षाला देशभरात केवळ १० जागा मिळाल्या, त्यांत राजापूरची होती. १९८९ च्या डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले. दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्राच्या तिजोरीत एकदम एवढा पैसा नाही, ही जी जुनी अडचण होती, तिच्यातून त्यांनी वाट काढली ती अशी : भांडवलात ५१ टक्के वाटा रेल्वेचा, २२ टक्के महाराष्ट्राचा, १५ टक्के कर्नाटकाचा आणि प्रत्येकी ६ टक्के गोवा व केरळ यांचा, शिवाय लोकांकडून रोख्यांच्या रूपाने कर्ज उभारावयाचे. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झाले. सुमारे दोन हजार पूल आणि ९१ बोगदे असलेला हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुला झाला.

नाथ पै लोकसभेत गेल्यापासून ४१ वर्षांनी ही गाडी धावली. ती पाहावयास ते हयात नव्हते. दंडवते १९९१ च्या निवडणुकीत पराभूत झाले होते. म्हणजे गाडी धावली तेव्हा ते राजापूरचे खासदारही नव्हते. पुढे १२ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले, आणि राजापूर हा मतदारसंघही २००९ च्या निवडणुकीपासून नकाशावर उरला नाही. रेल्वे मात्र उरली आहे.

येथे कोणी म्हणेल, की हे सारे सत्तेत असताना झाले; विरोधी बाकाचे त्यात श्रेय काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याचा हिशेबच मांडलेला बरा. वीस वर्षांच्या लोकसभेतील कारकीर्दीत दंडवते मंत्री होते ते पहिल्या खेपेस सुमारे २८ महिने आणि दुसऱ्या खेपेस ११ महिने. म्हणजे जेमतेम सव्वातीन वर्षे. बाकीचा जवळजवळ सारा काळ विरोधात गेला. परंतु खुर्चीवर बसल्यावर काय करावयाचे, हे शोधण्यात त्यांचा वेळ गेला नाही. कारण तेच प्रश्न त्यांनी समोरच्या बाकावरून विचारलेले होते. विरोधात असताना जो अभ्यास करीत नाही, त्याला सत्ता मिळूनही काही सुचत नाही. आणि दुसरे असे, की सतत उठणाऱ्या मागणीचे विस्मरण होत नाही. सरकारे येतात आणि जातात, पण सभागृहाच्या दप्तरात ती जिवंत राहते.

कोकणची ही कथा आपल्यापासून दूरची वाटेल. पण ती आपल्या दारातही घडली आहे. आपल्या काचीगुडा स्थानकाची घुमट-मिनारांची इमारत १९१६ साली, निजामाच्या रेल्वेच्या काळात उभी राहिली. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून इकडे येणारा मार्ग मीटरगेजचा, म्हणजे एक मीटर रुंदीचा होता. मुंबईचा मोठा मार्ग १६७६ मिलिमीटर रुंदीचा. डबा एका रुळावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नसे. सबब मनमाडला माणसे उतरत, गाठोडी उतरत, कापसाच्या गासड्याही उतरत, आणि पुन्हा चढत. आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील याच गाडीने मराठवाड्यातून शिक्षणासाठी नि नोकरीसाठी येथे आले. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यापासून वेगळा झाला, पण रूळ अरुंद ते अरुंदच राहिले. हा मार्ग रुंद व्हावा यासाठी गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी सत्तेबाहेर राहून मराठवाडा जनता विकास परिषदेच्या द्वारे वर्षानुवर्षे लढा दिला. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने रूळ बदलले गेले. आज काचीगुड्याहून मनमाडपर्यंत अखंड मोठा मार्ग आहे.

घरे आणि पाणी यांविषयी याच परंपरेतील श्रीमती मृणाल गोरे यांचे नाव घेतल्यावाचून विषय पुरा होणार नाही. गोरेगावच्या नळाच्या पाण्यासाठी त्या इतक्या झगडल्या, की ‘पाणीवाली बाई’ हेच त्यांचे नाव पडले. १९६१ पासून मुंबई महापालिकेत, १९७२ पासून विधानसभेत, १९७७ साली लोकसभेत आणि १९८५ पासून पुन्हा विधानसभेत त्यांनी काम केले. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोठ्या मालकांकडील जादा जमीन दुर्बलांच्या घरांसाठी वापरण्याची सोय केली होती. ती सोय कागदावरच राहत होती. नवा कायदा मागण्याऐवजी आहे तोच पाळा, असा आग्रह मृणालताईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरला. नागरी निवारा परिषदेच्या द्वारे गोरेगावच्या दिंडोशी भागात सुमारे सहा हजार घरे उभी राहिली. तो कायदा महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला. पण त्यात राहणाऱ्यांची घरे त्याच्याबरोबर गेली नाहीत. गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारे विधेयकही त्यांनी विरोधी सभासद म्हणूनच विधानसभेत मांडले. १९८८ साली महाराष्ट्र सरकारने त्या विषयाचा कायदा केला, आणि १९९४ साली संसदेने सबंध देशासाठी केला.

यावरून आपण काय घ्यावे? आमच्या मते, सभासद कोणत्या बाकावर बसतो यापेक्षा आपण त्याच्या हाती काय देतो, हे अधिक महत्त्वाचे आहे. नाराजी दिली तर तो सहानुभूती दाखवील. तपशील दिला तर तो प्रश्न विचारू शकेल. बस किती दिवस आली नाही, पाणी किती वाजता आले, अर्ज कोणत्या तारखेस दिला, पोच मिळाली की नाही, हे लिहून ठेवण्यास पदवी लागत नाही. एक वही आणि नेम लागतो. शिवाय २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने प्रश्न विचारण्याचा हक्क काही प्रमाणात प्रत्येक नागरिकालाच मिळाला आहे. साध्या अर्जावर कार्यालयाने सामान्यतः तीस दिवसांत माहिती दिली पाहिजे.

म्हणून आमची न्यासाच्या विश्वस्तांना नम्र सूचना आहे, की गरजूंस साहाय्य देण्याच्या चालू कार्याबरोबरच न्यासाच्या कार्यालयात परिसराच्या गाऱ्हाण्यांची एक नोंदवही ठेवावी. तीत मराठी, तेलुगू, उर्दू, कोणत्याही भाषेच्या घरचे गाऱ्हाणे नोंदले जावे. कारण नळ आणि रस्ता यांना भाषा नसते. वर्षातून दोनदा तिची प्रत भागाच्या सर्व लोकप्रतिनिधींना, सत्तेतील आणि विरोधातील, सारखीच पाठवावी. पहिल्या वर्षी फारसे काही होणार नाही. पण ज्या मागण्यांना ४१ वर्षे लागली, त्याही कोणा एकाने पहिल्या दिवशी लिहूनच ठेवल्या होत्या. न्यासाचे कार्य असेच वाढत राहो आणि पुढील महोत्सवाच्या स्मरणिकेत त्या वहीतील पुऱ्या झालेल्या कामांची यादी छापली जावो, अशी आमची मनापासून इच्छा आहे.