उजळलेली ग्रंथी म्हणजे कर्करोग नव्हे

श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडच्या स्त्रिया स्तनाच्या कर्करोगावर उपचार घ्यायला परळच्या टाटा रुग्णालयात जातात, नाहीतर आपल्याच जिल्ह्यातल्या खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग केंद्रात. शस्त्रक्रियेआधी किरणोत्सारी सुई देणार म्हटलं की घरचे धास्तावतात. स्कॅनवर काखेत ठिपका दिसला, तर ‘रोग पसरला’ असंच वाटतं.

हा गैरसमज सर्वांत जास्त छळतो, म्हणून आधी तोच. त्या सुईत टेक्नेशियम-९९एम जोडलेले अतिसूक्ष्म कण असतात. अल्ब्युमिन या प्रथिनाचे कण वापरले, तर ते बहुतेक ८० नॅनोमीटरहून लहान. कर्करोग ओळखण्याची शक्ती त्यांच्यात मुळीच नसते. स्तनात टोचल्यावर ते लसिकावाहिन्यांतून काखेकडे वाहत जातात आणि वाटेतल्या पहिल्या ग्रंथीतल्या भक्षक पेशी त्यांना गिळून अडवतात. गाठीतून सुटलेली पेशीही सहसा याच वाटेने जाते, म्हणून ही ग्रंथी, म्हणजे सेंटिनेल नोड, तपासायची. निरोगी ग्रंथीही छान उजळते. उलट, कर्करोगाने पुरती भरलेली ग्रंथी कधीकधी उजळतच नाही!

शल्यचिकित्सक किरणोत्सर्ग टिपणाऱ्या गॅमा प्रोबने ती शोधून काढतात. रोग आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं. ती स्वच्छ निघाली तर काखेतल्या बाकीच्या ग्रंथी काढाव्या लागत नाहीत आणि पुढे हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो. डोक्यावर मासळीची पाटी घेणाऱ्या किंवा भातलावणी करणाऱ्या बाईचं पोट त्या हातावर असतं. मला या तपासणीचं मोल तिथे दिसतं.

कण जितका लहान तितका चांगला, हेही खरं नाही. फारच बारीक कण रक्तात निसटतात, मोठे टोचल्या जागीच पडून राहतात.

सुई घेतलेल्या बाईला घरात वेगळं ठेवायची, लाँचमध्ये किंवा एसटीत टाळायची गरज नाही. टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य ६ तासांचं. २४ तासांनी सोळावा हिस्सा उरतो. शरीराला मिळणारी मात्रा वर्षभराच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाहून कमी असते. बाळ अंगावर पीत असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगावं. वेगळ्या खोलीची भीती बहुधा थायरॉइडच्या कर्करोगावरून आली असावी. तिथे आयोडीन-१३१ मोठ्या मात्रेत देतात, त्याचं अर्धायुष्य ८ दिवसांचं, आणि तिथे ती खबरदारी योग्यच आहे.

‘नॅनोकण थेट गाठीवर जाऊन बसतात’ अशा बातम्याही येतात. पण शिरेतून दिलेले बहुतेक कण यकृत आणि प्लीहा टिपून घेतात. २०१६ साली प्राण्यांवरच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचा आढावा निघाला, तेव्हा गाठीत पोचणाऱ्या मात्रेचा मध्यक अवघा ०.७ टक्के भरला. तरी आशेला जागा आहे: न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात आयोडीन-१२४ जोडलेले सिलिकाचे कण मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पाच रुग्णांना दिले गेले, २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते इतके बारीक होते की मूत्रावाटे बाहेर पडले. पण ती सुरुवातीची चाचणी होती.

आता पुन्हा काखेच्या तपासणीकडे. गॅमा प्रोब आणि टेक्नेशियम प्रत्येक गावाजवळ मिळत नाहीत. टाटाच्या शल्यचिकित्सकांनी म्हणूनच काखेच्या खालच्या भागातल्या ग्रंथी ठरावीक हद्दीत काढून तपासण्याची पद्धत अभ्यासली, आणि ती सेंटिनेल तपासणीच्या तोडीची ठरली. सुई मिळणार नसेल, तर डॉक्टरांना या पद्धतीबद्दल जरूर विचारा.