गाळ आपला, पाणी समुद्राचं

धुळ्याच्या माणसाने बोट घेतली असं कळलं की आधी सगळे हसून घेतात. उन्हाळ्यात पांझरेचं पात्र चालत ओलांडणारे आपण, आपल्याला सुकाणू कशाला? पण दापोली, गुहागर, मालवणकडे जागा घेणाऱ्या, तिथल्या होम-स्टेत भागीदारी करणाऱ्या घाटावरच्या मंडळींत आता खानदेशीही दिसतात. जागेपाठोपाठ फायबरची छोटी बोट आणि तिच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन हेही आलंच. अशा नव्या मालकाला भीती वाटते ती खोल समुद्राची. पण खोल पाण्यात बोट बिघडली तर निदान विचार करायला वेळ मिळतो. नवख्याची फजिती होते ती किनाऱ्यालगत, खाडीच्या तोंडाशी, जिथे बोटीचा तळ आणि वाळू यांच्यात हातभर पाणी उरलेलं असतं.

आणि ही वाळू, हा गाळ आपल्याला परका नाही. पांझरा धुळ्यातून निघून मुडावदला कपिलेश्वराच्या पायाशी तापीला मिळते. गिरणा, बोरी, अनेर, बुराई, गोमाई अशा आपल्या सगळ्या नद्या आपापल्या शेतांची काळी माती घेऊन तापीतच जातात. मुलताईला उगम पावलेली तापी 724 किलोमीटर चालून सुरतेपलीकडे, डुमस-हजिराजवळ समुद्राला मिळते. 1972 साली उकाईचं धरण पुरं झालं आणि त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातली नवापूर-नंदुरबारकडची गावं पाण्याखाली गेली. तेव्हापासून गाळाचा मोठा वाटा धरणाच्या पोटात बसतो. त्याआधीची कित्येक शतकं तो थेट मुखाशी जाऊन पडत होता. सुरतेचं बंदर मागे पडून मुंबई पुढे आली, त्याला राजकारण कारण होतंच, पण तापीच्या उथळ होत गेलेल्या मुखाचाही त्यात हात होता. म्हणजे सुरतेच्या पडत्या काळात खानदेशच्या शेतांनीही आपला खारीचा वाटा उचलला!

मोठी जहाजं सुरतेपर्यंत येऊच शकत नसत. ती सुवाळीला नांगर टाकत. तिथे किनारा आणि बाहेरचा वाळूचा पट्टा यांच्यामध्ये खोल पाण्याची एक लांबट गल्ली होती. माल छोट्या होड्यांत उतरवून नदीने सुरतेला न्यायचा आणि तिथून बैलांच्या तांड्यांनी नवापूर, नंदुरबारमार्गे बऱ्हाणपूरला, असा तो रस्ता. इंग्रज वकील सर थॉमस रो 1615 मध्ये सुवाळीलाच उतरला आणि आपल्या नंदुरबारवरून पुढे गेला.

उथळ पाणी कुणाच्या बाजूने उभं राहतं, याचा धडा त्याच सुवाळीला मिळतो. 1612 च्या नोव्हेंबरअखेर कॅप्टन थॉमस बेस्टची दोन इंग्रज जहाजं आणि पोर्तुगीजांची चार मोठी गलबतं इथे भिडली. पोर्तुगीजांकडे संख्या होती, सोबत लहान नावांचा ताफा होता. पण लढाईच्या धावपळीत त्यांची तीन गलबतं वाळूत रुतली. ती नंतर वाळूतून सुटली, पण लढाईचा रंग पालटला होता. दुसऱ्याच वर्षी इंग्रजांना सुरतेत वखार मिळाली. दोन वर्षांनी निकोलस डाउनटनने तर मुद्दाम उथळ पाण्याचा आसरा घेतला, कारण पोर्तुगीजांची अवजड गलबतं तिथवर येऊ शकत नव्हती. ज्याला आपल्या जहाजाला किती पाणी लागतं आणि समोर किती आहे हे ठाऊक, त्याला उथळ पाणी हा तट ठरला. बाकीच्यांना सापळा.

नव्या मालकाने पहिला आकडा पाठ करावा तो हाच: आपल्या बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याच्या पातळीपासून सर्वांत खालच्या टोकापर्यंतचं अंतर. आउटबोर्ड बोटीत सर्वांत खालचं टोक म्हणजे बोटीचा तळ नव्हे, इंजिनाचा पंख्याखालचा दांडा. विक्रेता तळाचं माप सांगतो. माणसं, डिझेल-पेट्रोल, पाण्याचे कॅन, बर्फाची पेटी भरल्यावर बोट आणखी बसते. तेव्हा भरलेल्या बोटीत, इंजिन खाली सोडून, टेपने मोजावं. हे काम किनाऱ्यावरच्या शांत पाण्यात पंधरा मिनिटांचं आहे आणि बहुतेक जण ते करत नाहीत.

नदीकाठच्या माणसाला पुढचं निम्मं शिक्षण फुकट मिळालेलं असतं. तापीवरचे भोई बांबूने तळ चाचपत नाव न्यायचे. खाडीतही बांबू किंवा शिसाचं वजन बांधलेली, वाव-वावाच्या खुणा केलेली दोरी तेच काम चोख करते. नदीच्या वळणाला बाहेरच्या अंगाला पाणी खोल आणि आतल्या अंगाला वाळू, हा नियम कोकणातल्या वाशिष्ठीलाही लागू आहे आणि शास्त्रीलाही. सपाट पाण्यात मध्येच बारीक लाटांची सळसळ दिसली की खाली काहीतरी वर आलंय, हे सारंगखेड्याच्या पोरालाही कळतं. बगळे किंवा कुदळे पाण्यात उभे दिसले तर तिकडे बोट घालू नये, हे तर कुणी सांगायलाही नको.

उरलेलं निम्मं मात्र कोरं आहे. आपल्या नदीचं पाणी पूर ओसरल्यावर दिवसादिवसाने उतरतं. समुद्राचं सहा तासांत माणसाच्या दोन उंचींएवढंही उतरतं आणि पुढच्या सहा तासांत परत चढतं. भरती-ओहोटी ठाऊक असणं वेगळं आणि तिचा हिशेब अंगवळणी पडणं वेगळं.

कोकणातल्या तांडेलाचा, म्हणजे नाव हाकणाऱ्याचा, हिशेब पंचांगावर चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. रोज साधारण 48 मिनिटं पुढे. हे गणित मुंबईच्या आसपास बरं जुळतं. दक्षिणेला गोव्याकडे भरती आधी येते, सुरतेकडे नंतर. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण: पाणी चढतंही खूप आणि सुकतंही खूप. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे फरक थोडा. किनाराही सगळीकडे सारखा नाही. उधाणाला मुंबईत पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं, सिंधुदुर्गात त्याहून बरंच कमी, आणि खंबातच्या आखातात तर दहा मीटरच्या घरात जातं. मालवणला शिकलेला अंदाज सुरतेला वापरला तर गाठ वाळूशी आहे.

आता दिवाळीचं बघा. लक्ष्मीपूजन अमावास्येला. उधाणाचा सर्वांत मोठा जोर अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतो, म्हणजे पाडवा-भाऊबीजेला. नेमकी तेव्हाच आपली सगळी मंडळी कोकणात सुट्टीला उतरलेली असतात आणि बोटीत बसायची घाई करत असतात. शिवाय पावसाळा नुकताच सरलेला. चार महिने नदीने आणलेला गाळ आणि लाटांनी लोटलेली वाळू यांनी खाडीच्या तोंडाचा नकाशा बदललेला असतो. मे महिन्यात जिथून बोट बिनघोर गेली, तिथे ऑक्टोबरात वाळूचा भर पडलेला असू शकतो.

एक हिशेब मांडूनच पाहू. मुंबईच्या उधाणाचे सरासरी आकडे घेतले तर भरतीला पाणी सुमारे 4.4 मीटर आणि ओहोटीला 0.8 मीटर. फरक 3.6. हा फरक सहा तासांत सारखा वाटला जात नाही. पहिल्या तासात एक बारांश, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. इथे एक बारांश म्हणजे 30 सेंटिमीटर. समजा, खाडीच्या तोंडाशी त्याच मापाने 1.2 मीटर उंचीचा वाळूचा पट्टा आहे आणि आपल्या बोटीला 60 सेंटिमीटर पाणी लागतं. दुपारी बाराला, ऐन भरतीत, आपण पट्ट्यावरून गेलो, खाली 3.2 मीटर पाणी, काहीच जाणवलं नाही. पलीकडच्या पुळणीवर डबे उघडले. एक वाजता पाणी फूटभरच उतरलेलं असतं, त्यामुळे सगळे निवांत. तीन वाजता पट्ट्यावर 1.4 मीटर, अजूनही जाता येईल. कुणीतरी म्हणतं, चहा घेऊन निघू. चारला तिथे अर्धा मीटर उरलेलं असतं आणि बोट रुतते. ओहोटीच्या मधल्या दोन तासांत सहा फूट पाणी जातं, हे पहिल्या तासाकडे पाहून कधीच कळत नाही. आणि लाट असेल तर तिच्या निम्म्या उंचीएवढं पाणी हिशेबात आणखी हवं, कारण लाटेच्या खळग्यात बोट खाली जाते.

24 ऑक्टोबर 2018 ला मुंबईत अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेल्या बोटींपैकी एक स्पीडबोट खडकावर आपटून बुडाली आणि एका तरुणाचा जीव गेला. किनारा नजरेच्या टप्प्यात होता. दिवस पौर्णिमेचा होता आणि वेळ दुपार कलल्यानंतरची. वरचं गणित करून पाहिलं की त्या वेळी पाणी कुठल्या बाजूला चाललं होतं ते कळतं.

पंचांग अंदाजापुरतं. नेमके आकडे भरतीच्या तक्त्यांत मिळतात. ते तक्ते भारतीय सर्वेक्षण विभाग तयार करतो आणि समुद्राचे नकाशे नौदलाचं राष्ट्रीय हायड्रोग्राफिक कार्यालय काढतं. दोन्ही कामं चालतात डेहराडूनला, म्हणजे समुद्रापासून धुळ्याहून कितीतरी लांब. तेव्हा समुद्रकाठी जन्म झाला नाही म्हणून न्यूनगंड नको. या नकाशांवर पाण्याची खोली दिलेली असते ती जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीपासून मोजलेली. आकड्याखाली रेघ असेल तर ती जागा ओहोटीत कोरडी पडते आणि तो आकडा तिची उंची सांगतो. फोनमधला रस्त्यांचा नकाशा हा नकाशा नव्हे; त्यात सगळा समुद्र एकसारखा निळा असतो, खडकावरही आणि वाळूवरही.

खाडीच्या तोंडाशी आणखी एक गोष्ट असते, जी नदीवर कधी अनुभवाला येत नाही. ओहोटीचं पाणी जोराने बाहेर पडत असतं आणि समुद्राची लाट आत येत असते. दोन्ही पट्ट्यावर भेटले की लाट आखूड आणि उभी होते, आणि तिथेच फुटते. बाहेर समुद्र शांत असला तरी तोंडाशी हे चालूच असतं. समुद्राकडून पाहताना तर फुटणाऱ्या लाटेची पाठच दिसते, म्हणून परतताना ते उशिरा लक्षात येतं. यावर उपाय एकच: चढत्या पाण्यात, भरतीच्या शेवटच्या दोन तासांत आत-बाहेर करावं. चढत्या पाण्यात रुतलात तर समुद्रच उचलून देतो.

पालघर ते रायगडच्या किनाऱ्यावर वाळूखेरीज दुसरा धोका डोलजाळ्यांचा. ही जाळी तळात ठोकलेल्या खुंटांना बांधलेली असतात. खुंट पंख्याला, जाळं बोटीला आणि दोन्हींचं नुकसान कोळ्याला. वर तरंगणारी पिंपं-बोयरी दिसली की दोन बोयऱ्यांच्या मधून नव्हे, लांबून वळसा घालून जावं. मालवणात वाळूपेक्षा खडकांची भीती. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी वाट खडकांच्या मधून आहे. शिवाजी महाराजांनी ती जागा निवडण्यात या खडकांचाही विचार होताच. तिथला तांडेल रोज तीच वळणं घेतो. पहिले दोन-चार महिने तरी त्याला पैसे देऊन सोबत बसवावं आणि तो कुठल्या दोन खुणा एका रेषेत धरून वळतो ते लिहून ठेवावं. एखादं देऊळ, माड, बुरुजाचा कोपरा, मनोऱ्याचं टोक. हा खर्च इंजिनाच्या एका पंख्याहून कमी असतो.

मोठ्या बंदरांत बोयऱ्यांचे रंग आपल्याशी बोलतात. भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. निघताना उलट. काळ्यावर लाल पट्टा आणि डोक्यावर दोन काळे गोळे असतील तर खाली सुटा धोका आहे. काळा-पिवळा खांब असेल तर त्याच्या डोक्यावरच्या शंकूंवरून कळतं, सुरक्षित पाणी उत्तरेला की दक्षिणेला, पूर्वेला की पश्चिमेला. छोट्या खाड्यांत यातलं काहीच नसतं, फार तर कोळ्यांनी रोवलेली एखादी काठी. तिचा अर्थ गावात विचारूनच घ्यावा.

खोली दाखवणारं यंत्र घ्या, पण ते बोटीखालचं पाणी दाखवतं, पुढचं नाही. म्हणून उथळात वेग कमी. जोरात गेलं तर बोट वर उचलली जाते असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात उथळ पाण्यात वेग वाढताना मागची बाजू खाली बसते, इंजिनासकट.

कागदपत्रांचं थोडक्यात: नोंदणी, बोटीची तपासणी, चालकाचा परवाना आणि विमा महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या स्थानिक बंदर कार्यालयातून नीट समजून घ्यावं. क्षमतेचा आकडा बोटीवर रंगवलेला असतो, तो पाहुण्यांच्या आग्रहाने बदलत नाही. नर्मदेच्या फुगवट्यात धडगावजवळ भूषाला जानेवारी 2019 च्या संक्रांतीत होडी उलटली ती क्षमतेहून जास्त माणसं बसल्यामुळे. तिथे समुद्रही नव्हता. लाइफ जॅकेट बाकाखाली नव्हे, अंगावर.

इतकं करूनही बोट रुततेच कधीतरी. तेव्हा पहिली चूक म्हणजे इंजिन रेटणं. त्याने वाळू थंड पाण्याच्या वाटेत शिरते, इंजिन तापतं आणि बोट आणखी खोल बसते. इंजिन बंद करून वर उचलावं, तळाला चीर गेली आहे का पाहावं, माणसं खोल पाण्याच्या बाजूला सरकवून आल्या वाटेने बांबूने रेटून पाहावं. पाणी उतरत असेल तर हातात पाचच मिनिटं असतात. त्यात नाही निघाली तर हट्ट सोडावा, खोल पाण्याच्या दिशेला नांगर नेऊन टाकावा आणि पुढच्या भरतीची वाट पाहावी. चिखलात उतरून चालत किनारा गाठायचा मोह टाळावा. खाडीचा चिखल मांडीपर्यंत ओढतो आणि पाणी परत येताना कुणाची वाट पाहत नाही. सर्वांत वाईट म्हणजे उधाणाच्या ऐन माथ्यावर रुतणं: पुढच्या भरत्या रोज थोड्या खुज्या होत जातात आणि बोट पंधरवडाभर, पुढचं उधाण येईपर्यंत, तिथेच राहू शकते. लाटा आपटत असतील किंवा पाणी आत येत असेल तर थांबायचं नाही. तटरक्षक दलाचा 1554 हा मदतीचा क्रमांक आणि सागरी पोलिसांचा 1093 निघण्याआधीच फोनमध्ये घालून ठेवावेत, वायरलेस सेट असेल तर तो चॅनेल 16 वर, आणि फोन चेनच्या प्लास्टिक पिशवीत.