निवांत उडूया! पहिला एफपीव्ही ड्रोन घेताना

टेकफेस्टमध्ये डासासारखा गुणगुणणारा इवलासा ड्रोन आणि डोळ्यांवर डबा बांधून खुर्चीत बसलेला त्याचा पायलट तुम्ही पाहिला असेलच. ड्रोनच्या नाकावरच्या कॅमेऱ्यातून बघत उडवायचं, यालाच एफपीव्ही म्हणतात. रेसिंगवाल्यांची गोष्ट वेगळी. पण सबमिशन संपल्यावर अर्धा तास निवांत उडायचं असेल तर काय घ्यावं? विंगमध्ये विचाराल तर दहा तोंडांची दहा मतं. म्हणून हा लेखप्रपंच!

१) आधी रिमोट, मग ड्रोन
बहुतेक जण नेमकं उलटं करतात. ड्रोन आपटतो, मोडतो, बदलतो. चांगला रिमोट मात्र वर्षानुवर्षं टिकतो. एक्स्प्रेसएलआरएस ही मुक्त स्रोत प्रणाली चालवणारा रिमोट घ्या, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्रोन त्यालाच जोडता येतात. यूएसबीने तो लॅपटॉपला लावायचा आणि लिफ्टऑफ किंवा व्हेलोसीड्रोनसारख्या सिम्युलेटरवर आठ-दहा तास हात बसवायचा. तिथे आपटलात तरी खर्च शून्य. शिवाय हा छंद आपल्याला झेपतो का, तेही ड्रोन घ्यायच्या आधीच कळतं.

२) ड्रोन लहानच का?
थोडं गणित करू. पाच इंची पात्यांचा ड्रोन बॅटरीसकट साधारण ७०० ग्रॅम भरतो. पात्यांभोवती कडं असलेला 'टायनी व्हूप' भरतो ३० ग्रॅमच्या आसपास. दोघंही सेकंदाला १० मीटर वेगाने निघाले, तर ½mv² प्रमाणे मोठ्याची गतिज ऊर्जा ३५ ज्यूल आणि छोट्याची फक्त दीड ज्यूल. एक डोकं फोडेल, दुसरा फार तर 'अगं आई गं' म्हणायला लावेल. कॉरिडॉरमध्ये उडवायचं तर यापुढे वाद नकोच.

मोटर ब्रशलेस घ्या. ब्रशवाली स्वस्त असते, पण तिचे ब्रश झिजतात. फ्रेमचे ६५ आणि ७५ मिलिमीटर हे दोन आकार प्रचलित आहेत. खोलीतल्या खोलीत फिरायचं तर ६५. जिमखाना हॉल किंवा वारा नसलेलं मैदान मिळत असेल तर ७५, तो जास्त ठाम उडतो. सुरुवात 'अँगल' मोडवर करा. यात स्टिक सोडली की ड्रोन आपोआप आडवा सरळ होतो. 'अ‍ॅक्रो' मोडमध्ये तो तिरका तसाच राहतो. तो नाद नंतर.

३) चित्र: अ‍ॅनालॉग की डिजिटल?
डिजिटल चित्र झकास दिसतं, पण खिसा रिकामा होतो. अ‍ॅनालॉगमध्ये जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या येतात. मात्र सिग्नल कमी होताना चित्र हळूहळू बिघडतं, त्यामुळे परत फिरायची सूचना मिळते. दुसरा फायदा म्हणजे तोच चॅनल लावून मित्रही आपल्या गॉगल्सवर तुमची सफर पाहू शकतो. पहिल्या सेटसाठी अ‍ॅनालॉग पुरे. चष्मा असेल तर गॉगल्स आधी घालून बघा. आणि दोघं एकत्र उडवणार असाल तर बॅटरी लावण्याआधी आपला चॅनल मोठ्याने सांगा. एकच चॅनल लागला तर दोघंही आंधळे!

४) बॅटरी: खरी काळजी इथेच
३०० एमएएचची बॅटरी साडेतीन मिनिटांत संपली, तर सरासरी प्रवाह ५ अँपिअरच्या वर जातो. म्हणजे एवढ्याशा सेलकडून आपण भरपूर काम करून घेतो. एकच बॅटरी घेऊन भागत नाही, पाच-सहा लागतात, आणि त्यांचा कनेक्टर ड्रोनच्या कनेक्टरशी जुळायला हवा. साधा लायपो सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. वापर नसेल तेव्हा ३.८ च्या आसपास ठेवा. चार्जिंग फरशीवर, गादी-चादरीपासून लांब आणि डोळ्यांसमोर. रात्री चार्जिंगला लावून झोपणं सक्त मना! फुगलेला सेल चार्ज करू नका, कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. लायपोची आग एका खोलीपुरती राहत नाही, आणि विंगमध्ये चाळीस जण झोपलेले असतात.

५) नियम
ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात येतो आणि त्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. याचा अर्थ वाट्टेल तिथे उडवा असा नाही. विमानतळांच्या आसपास निर्बंध असतात. पुण्यात लोहगाव, नागपुरात सोनेगाव लक्षात ठेवा. बाहेर काढण्याआधी सरकारी ड्रोन नकाशा पाहा, नोंदणीचे नियम वाचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांवर नाही. त्यामुळे बाहेरून मागवण्याआधी चौकशी करा. गॉगल्स घातले की आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून शेजारी एक डोळस मित्र हवाच. आणि कोणाच्या खिडकीत डोकावणं हा छंद नव्हे, गुन्हा आहे.

शेवटी एक हिशेब. रिमोट, गॉगल्स आणि चार्जर चौघांत एक पुरतो. ड्रोन आणि बॅटऱ्या ज्याच्या त्याच्या. घरून आलेल्या पैशांतून एकट्याने सगळा डोलारा उभा करण्यापेक्षा रूम पार्टनर्सनी वर्गणी काढावी, रेक्टर सरांची रीतसर परवानगी घ्यावी आणि रविवारी हॉलमध्ये खुर्च्यांच्या पायांखालून उडायला सुरुवात करावी. चला तर मग, हॅपी फ्लाइंग!