सायलेन्सरची धग आणि प्लॅस्टिकचे आच्छादन

भोरकडील भाजीपाला घेऊन निघालेली मोटारसायकल पहाटे कात्रजचा जुना घाट चढते, उतरणीने शहरात शिरते आणि स्वारगेटच्या चौकात गर्दीत अडकते. गुलटेकडीचे मार्केट यार्ड तेथून जवळच असते. परंतु लिलावाची वेळ गाठण्याची घाई असल्याने गाडीस्वाराचे लक्ष पुढील वाहनावर खिळलेले असते. पाठीमागे लोंबणाऱ्या पोत्याखाली काय घडत आहे, हे त्याला माल उतरवितानाच कळते. बाजूचे पॅनेल आत ओढले जाऊन वितळल्यासारखे चमकत असते, क्रेटचा तळ सायलेन्सरला चिकटलेला असतो आणि भाजीला जळक्या प्लॅस्टिकचा वास लागलेला असतो.

अशा वेळी "प्लॅस्टिकच हलके होते" असा निष्कर्ष काढून नाना पेठेतून नवे पॅनेल आणून बसविण्याचा प्रघात आहे. तेही काही दिवसांत तसेच वाकडे होते. वस्तुतः पॅनेल हा रोग नसून रोगाचे लक्षण होय. उष्णता कोठून येते व ती का अडत नाही, याचा शोध न घेता केलेला खर्च वाया जातो.

इंजिनात जळालेला वायू बाहेर पडतो, तेव्हा तो कित्येक शतक अंश तापलेला असतो. पूर्ण भाराखाली इंजिनालगतच्या बेंड पाइपचा पृष्ठभाग ३०० अंश सेल्सिअसच्या वर सहज जातो. उलटपक्षी, पॅनेलांसाठी वापरण्यात येणारे एबीएस प्लॅस्टिक १०० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंशांना वितळते, परंतु भार असल्यास त्यापूर्वीच वाकते. भाजीच्या क्रेटचे प्लॅस्टिक तर १३० अंशांच्या सुमारास वितळते. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तापलेले लोखंड स्पर्शाखेरीजही किरणांच्या रूपाने उष्णता फेकीत असते आणि ही उष्णता तापमानाच्या मानाने फार वेगाने वाढते. पाइपचे तापमान २०० अंशांवरून ३०० अंशांवर गेले, तर किरणांवाटे बाहेर पडणारी उष्णता दुपटीहून अधिक होते. म्हणूनच सपाटीवर वर्षानुवर्षे शाबूत राहिलेले पॅनेल एका घाटाच्या फेरीत दगा देऊ शकते.

मग पॅनेल घाटात न बिघडता चौकात का बिघडते? घाटात इंजिनावर ताण असला, तरी वाहन चालत असल्याने सायलेन्सर व पॅनेल यांच्यामधून वारा वाहत असतो. चौकात वाहन उभे राहिले, की वारा थांबतो. पाइपात साठलेली उष्णता मात्र तशीच राहते आणि वर चढून पॅनेलच्या पाठीस लागते. त्यातच दोन्ही बाजूंना पोती लोंबत असतील, तर हवेची वाट पूर्ण बंद होते. पोत्याचा दाब पॅनेलला सायलेन्सरकडे रेटतो, तो वेगळाच. यास्तव चढ संपल्यावर उतरणीचे अंतर संथपणे कापावे, थांबण्याचा काळ लांबणार असे दिसल्यास इंजिन बंद करावे आणि पोती लोखंडी कॅरिअरवर अशी बांधावीत, की त्यांचा कोणताही भाग सायलेन्सरच्या वर किंवा त्याला लागून येणार नाही.

हाच प्रश्न चार जाड चाकांच्या, हँडलने वळणाऱ्या शेतवाहनांत, ज्यांना एटीव्ही म्हणतात, अधिक तीव्रतेने उद्भवतो. भारतात पोलॅरिस कंपनीने 'स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर' हे असे वाहन रस्त्यावर चालविता येणाऱ्या ट्रॅक्टरच्या वर्गात आणले. या प्रकारच्या वाहनांत इंजिन बैठकीखाली असून भोवती प्लॅस्टिकचे आच्छादन असते. शेतात ते बैलाच्या चालीने चालते, म्हणजे इंजिनावर ओझे पुष्कळ आणि वारा थोडा. शिवाय चिखल, वाळलेले गवत आणि उसाचे पाचट पाइप व पत्रा यांच्या फटीत जाऊन बसते. हवेसाठी सोडलेली पोकळी त्यामुळे बुजते आणि वाळलेला कचरा पेट घेण्याचा धोका निर्माण होतो. शेतातून परतल्यावर सायलेन्सर थंड होऊ द्यावा आणि मग लाकडी काडीने ही फट मोकळी करावी. पाचटातून चालविल्यास हे काम त्याच दिवशी करावे.

दोष शोधताना इंजिन पूर्ण थंड असावे. पॅनेल नेमके कोठे वाकले आहे, ते प्रथम पाहावे. वाकलेला भाग जोडाच्या समोर असेल, तर बेंड पाइप व इंजिन यांमधील गॅस्केट फुटले असण्याचा संभव फार. तेथे काजळीची काळी रेघ दिसते. खात्री करण्यासाठी जोडावर साबणाचे पाणी लावून, वाहन उघड्यावर उभे करून, क्षणभर इंजिन चालू करावे. गळती असल्यास बुडबुडे उठतात. बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये हा प्रयोग कदापि करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला वास नसतो आणि तो प्राणघातक असतो.

पॅनेल लांबवर सारखेच मऊ झाले असेल, तर सायलेन्सरवरील संरक्षक पत्रा सैल झाला आहे काय, त्याचे वॉशर पडले आहेत काय, हे पाहावे. हा पत्रा पाइपला टेकून बसविला, तर तो स्वतःच तापून निरुपयोगी ठरतो. दोहोंमध्ये बोटभर पोकळी राहिली पाहिजे. खरे रक्षण पत्र्याइतकेच त्या पोकळीतील हवा करते. पॅनेलचे रबरी बुश झिजले असल्यास तेही बदलावेत, कारण त्यांच्या अभावी पॅनेल हादऱ्यासरशी आत झुकते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांच्या वाहनांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लग नीट ठिणगी देत नसेल, तर न जळालेले पेट्रोल या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो प्रमाणाबाहेर तापतो. इंजिन अडखळत असता "यार्डापर्यंत पोहोचू" म्हणून तसेच दामटणे म्हणूनच महागात पडते. असे वाहन वाळलेल्या गवतावर अगर कडब्याच्या गंजीलगत उभे करू नये.

काही कारागीर पाइपाभोवती अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळीत असत. तिचे तंतू फुप्फुसांना अपायकारक असल्याने ती सर्वस्वी वर्ज्य समजावी. गोणपाट अगर चिंध्या गुंडाळणे म्हणजे तर आगीला आमंत्रणच होय. त्याऐवजी पॅनेलच्या आतील बाजूस अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, चकाकती बाजू सायलेन्सरकडे करून, धातूच्या वॉशरवर थोडा उचलून बसवावा.

थोडेसे वाकलेले पॅनेल टाकून देण्याची गरज नसते. त्याच्या पाठीवर पीपी किंवा एबीएस अशी इंग्रजी अक्षरे बहुधा कोरलेली असतात. असे पॅनेल काढून उकळत्या पाण्यात काही मिनिटे धरावे, जाड हातमोजे घालून लाकडी ठोकळ्यावर मूळ आकारात दाबावे आणि गार पाण्यात बुडवेपर्यंत दाब सोडू नये. भोक पडले असल्यास त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी वापरून जोड द्यावा लागतो. पीपीला एबीएस धरत नाही. काचतंतूंच्या आच्छादनास मात्र हा उपाय लागू नाही, ते उष्णतेने मऊ न होता करपते.

पॅनेल पुन्हा बसविण्यापूर्वी त्याच्या आड दडलेली पेट्रोलची नळी व विजेच्या तारा अवश्य तपासाव्यात. ज्या धगीने पॅनेल वाकले, तीच धग त्यांनाही लागलेली असते. नळी कडक झाली असेल, तिला चिरा पडल्या असतील, किंवा तारेवरचे आवरण फुगले असेल, तर ती बदलल्याखेरीज वाहन यार्डाकडे नेऊ नये. ग्रामसेवकांनी गावातील भाजीपाला वाहणाऱ्या गाड्यांची अशी पाहणी हंगामापूर्वी एके दिवशी चावडीपुढे करून घ्यावी. एका गाडीस फार वेळ लागत नाही. मात्र सायलेन्सर निवालेला असावा.