हातात मावणारे गाव : ‘अॅनिमल क्रॉसिंग’ या खेळामागील विचार

व्हिडिओ गेम म्हटले की शर्यत, नेमबाजी किंवा युद्ध असेच चित्र सर्वसाधारणपणे डोळ्यांसमोर उभे राहते. जपानच्या निन्टेंडो कंपनीची ‘अॅनिमल क्रॉसिंग’ ही खेळमालिका मात्र या समजाला छेद देते. यात शत्रू नाही, गुण नाहीत आणि शेवटही नाही. खेळाडू एका छोट्या गावात राहावयास येतो, मासे पकडतो, फळे तोडतो, झाडे लावतो आणि प्राण्यांच्या रूपातील शेजाऱ्यांशी गप्पा मारतो. खेळ असा एवढाच आहे. तरीही जगभरातील कोट्यवधी लोकांनी त्यासाठी आपला वेळ का दिला, हे समजून घेण्याजोगे आहे.

एकटेपणातून जन्म

या मालिकेचे जनक कात्सुया एगुची १९८६ मध्ये निन्टेंडोत रुजू झाले. नोकरीसाठी ते चिबा सोडून क्योतो येथे आले, तेव्हा कुटुंब आणि मित्र मागे राहिले. आप्तस्वकीयांचा सहवास किती मोलाचा असतो, याची जाणीव तेव्हा झाली आणि तीच भावना खेळात उतरविण्याचा आपण प्रयत्न केला, असे त्यांनी मुलाखतींमधून सांगितले आहे. पुढे कामावरून घरी परतण्यास उशीर होऊ लागला आणि मुलांबरोबर एकाच वेळी खेळणे अशक्य झाले. निरनिराळ्या वेळी खेळूनही घरातील सर्वांना एकत्र असल्यासारखे वाटावे, ही कल्पना त्यातूनच पुढे आली.

पहिला खेळ १४ एप्रिल २००१ रोजी जपानमध्ये ‘निन्टेंडो ६४’ या दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या यंत्रावर आला. एकाच गावात चौघांची घरे असू शकत. वडिलांनी रात्री लिहिलेले पत्र मुलाला दुसऱ्या दिवशी मिळे. नोव्हेंबर २००५ मध्ये ‘वाइल्ड वर्ल्ड’ ही आवृत्ती ‘निन्टेंडो डीएस’ या हातात धरावयाच्या यंत्रावर आली आणि हे गाव प्रथमच खिशात मावू लागले. या आवृत्तीच्या १ कोटी १० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

घड्याळाचे राज्य

या खेळाचे मर्म त्याच्या घड्याळात आहे. यंत्रातील घड्याळाप्रमाणेच गावातील दिवस उजाडतो आणि मावळतो. रात्री दुकान बंद होते. हिवाळ्यात बर्फ पडते. काही मासे ठरावीक महिन्यांत आणि ठरावीक वेळीच गळाला लागतात. आज लावलेले रोप आजच वाढत नाही. त्यामुळे घाई करून काही हाती लागत नाही. रोज थोडा वेळ डोकावणे, एवढीच खेळाची अपेक्षा असते. हातातील यंत्र तिला विशेष सोयीचे ठरले, कारण झाकण उघडले की गाव समोर आणि मिटले की दूर.

मात्र खेळाडू नसतानाही गावाचे दिवस सरतच असतात. बरेच दिवस न फिरकल्यास सर्वत्र तण माजते, घरात झुरळे होतात आणि या यंत्रांवरील आवृत्त्यांत एखादा शेजारी गाव सोडूनही जातो. हरण्याची भीती नसलेल्या या खेळात हुरहूर मात्र आहे, ती अशी.

कर्ज आणि सलगम

गावातील व्यवहारही रंजक आहे. टॉम नुक नावाचा दुकानदार घर देतो आणि त्यासोबत कर्जही देतो. ‘वाइल्ड वर्ल्ड’मध्ये हे पहिले कर्ज १९,८०० ‘बेल’ म्हणजे खेळातील नाणी इतके असते. त्यावर व्याज नाही आणि परतफेडीस मुदतही नाही. प्रत्यक्ष जीवनात कर्जदाराला अशी मोकळीक क्वचितच मिळते.

सट्ट्याची हौस असणाऱ्यांसाठी सलगम आहेत. ते रविवारी सकाळी विकत घ्यावयाचे आणि आठवडाभरात विकावयाचे असतात. भाव दिवसातून दोनदा बदलतो आणि पुढील रविवारी माल सडतो. जपानी भाषेत ‘काबु’ या शब्दाचे सलगम आणि कंपनीचा समभाग असे दोन्ही अर्थ होतात. हा श्लेष भाषांतरात हरवतो, गंमत मात्र टिकून राहते.

महासाथीच्या काळात

‘न्यू होरायझन्स’ ही आवृत्ती २० मार्च २०२० रोजी ‘निन्टेंडो स्विच’ यंत्रावर आली. त्यानंतर पाचच दिवसांनी भारतात देशव्यापी टाळेबंदी लागू झाली; अनेक देशांत तोवर लोक घरात बंदिस्त झालेलेच होते. ३१ मार्चपर्यंत या आवृत्तीच्या १ कोटी १७ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. पुढे ही संख्या साडेचार कोटींपलीकडे गेली. प्रत्यक्ष भेटीगाठी थांबल्या असताना लोक एकमेकांच्या आभासी बेटांवर जाऊन वाढदिवस साजरे करू लागले.

अशा खेळाने मन खरोखर शांत होते का? ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या खेळाच्या २,७५६ खेळाडूंचा समावेश होता. खेळाडूंच्या सांगण्यावर विसंबून न राहता कंपनीने पुरविलेल्या खेळवेळेच्या नोंदी त्यात वापरण्यात आल्या. अधिक वेळ खेळणे आणि मनःस्वास्थ्य यांच्यात अल्पसा अनुकूल संबंध आढळला. परंतु २०२२ मधील सुमारे ३९,००० खेळाडूंच्या व्यापक अभ्यासात, खेळवेळेचा मनःस्वास्थ्यावर बरावाईट परिणाम जवळजवळ होत नाही, असे दिसले. तात्पर्य, हा खेळ औषध नव्हे आणि विषही नव्हे.

अतिरेकाचा प्रश्न अर्थातच वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तंत्रज्ञानाच्या अतिवापराने त्रस्त झालेल्यांसाठी २०१४ मध्येच विशेष उपचार केंद्र सुरू केले. निव्वळ तासांची संख्या मात्र निर्णायक नसते. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळच महत्त्वाचा वाटणे आणि हानी होत असूनही तो सुरू ठेवणे, ही त्याची लक्षणे मानली जातात.

वेस बंद झाल्यावर

या गावांचे आयुष्य कंपनीच्या निर्णयांवरही अवलंबून असते. ‘डीएस’ यंत्रावरील खेळांची इंटरनेट सेवा मे २०१४ मध्ये थांबविण्यात आली. ‘न्यू लीफ’ ही २०१२ ची आवृत्ती ज्यावर खेळली जाते, त्या ‘३डीएस’ यंत्राची सेवाही ८ एप्रिल २०२४ रोजी बंद झाली. दूरदेशीच्या मित्राच्या गावी जाण्याची वाट त्यामुळे मिटली. गाव मात्र नाहीसे झालेले नाही. यंत्र सुरू केल्यास तेथे आजही आजचीच तारीख असते, ऋतू बदललेला असतो आणि राहिलेले शेजारी इतके दिवस कुठे होतात, असे विचारतात. पाहुणाही येऊ शकतो. फक्त त्याने आपले यंत्र घेऊन प्रत्यक्ष शेजारी येऊन बसले पाहिजे.