लोणावळा-मावळ परिसरात ख्रिसमस कॅक्टसचे पुष्पन : रात्रीची लांबी, तापमान आणि घरगुती संगोपन

बीजसंज्ञा : ख्रिसमस कॅक्टस, अपिवनस्पती, लघुदिन वनस्पती, फायटोक्रोम, पुष्पन, मावळ

प्रस्तावना

हिवाळ्याच्या सुरुवातीस रोपवाटिकांमध्ये कळ्यांनी लगडलेल्या ख्रिसमस कॅक्टसच्या कुंड्या विक्रीस येतात. गुलाबी, लाल, पांढऱ्या वा केशरी रंगाची ही फुले पाहून रोप घरी आणले जाते. पहिल्या वर्षी ते महिनाभर शोभा देते. दुसऱ्या वर्षी मात्र हिरवीगार वाढ होऊनही एकही कळी धरत नाही, असा अनुभव अनेक कुटुंबांना येतो. मग खत वाढविले जाते, पाणी वाढविले जाते, कुंडी उन्हात हलविली जाते आणि शेवटी ‘हे रोपच वाईट निघाले’ असा निष्कर्ष काढून ते टाकून दिले जाते. वस्तुतः नीट सांभाळल्यास हे रोप अनेक दशके जगते व दरवर्षी फुलते. न फुलण्याचे कारण बहुधा रोपात नसून त्याला मिळणाऱ्या रात्रीत असते. लोणावळा व मावळ तालुक्याच्या हवामानाच्या संदर्भात या कारणाचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

१. ख्रिसमस कॅक्टसची ओळख व त्याचा मूळ अधिवास स्पष्ट करणे.
२. रात्रीची लांबी व तापमान यांचा पुष्पनाशी असलेला संबंध विशद करणे.
३. मावळ परिसरासाठी व्यवहार्य असा संगोपनाचा क्रम मांडणे.

वनस्पतीची ओळख

ख्रिसमस कॅक्टस ही कॅक्टेसी कुलातील श्लुम्बर्गेरा या प्रजातीतील वनस्पती होय. फ्रेंच वनस्पतितज्ज्ञ शार्ल लमेर यांनी १८५८ मध्ये फ्रेदरिक श्लुम्बर्गर यांच्या नावावरून ही प्रजाती स्थापन केली. आपण ज्यांना पाने समजतो ती पाने नसून चपटी, हिरवी खोडे आहेत. त्यांना पर्णकांड म्हणतात. एकापुढे एक अशा पर्णकांडांची साखळी तयार होते आणि तिच्या टोकाला कळी येते.

बाजारात ख्रिसमस कॅक्टस म्हणून मिळणारी बहुतेक रोपे श्लुम्बर्गेरा ट्रंकाटा या जातीची व तिच्या संकरांची असतात. त्यांच्या पर्णकांडांच्या कडांना टोकदार दाते असतात. खरा ख्रिसमस कॅक्टस हा श्लुम्बर्गेरा बकलेयी नावाचा संकर असून तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये विल्यम बकली यांनी तयार केला. त्याच्या कडा गोलसर, उथळ कंगोऱ्यांच्या असतात. ट्रंकाटा काहीशी लवकर, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास फुलते, तर बकलेयी नंतर फुलते. म्हणून रोप नेमके नाताळात फुलले नाही तरी त्यात वैगुण्य आहे असे मानण्याचे कारण नाही.

मूळ अधिवास : सह्याद्रीशी साम्य

निवडुंग म्हटले की वाळवंट, रखरखीत ऊन आणि काटे हेच चित्र डोळ्यांसमोर येते. माळरानावरील फड्या निवडुंगाच्या परिचयामुळे ही समजूत अधिकच दृढ झाली आहे. ख्रिसमस कॅक्टस मात्र आग्नेय ब्राझीलमधील किनारी डोंगररांगांच्या दमट जंगलांतील रहिवासी आहे. साधारण ७०० मीटर व त्यापेक्षा अधिक उंचीवर, झाडांच्या फांद्यांवर किंवा खडकांच्या कपारींत साठलेल्या पालापाचोळ्यात तो वाढतो. तो अपिवनस्पती आहे, बांडगूळ नव्हे. बांडगूळ आश्रयदात्या झाडातून अन्नरस शोषते, तर अपिवनस्पती केवळ आधार घेते. सह्याद्रीच्या झाडांवर वाढणारे सीतेची वेणी हे आमर याच प्रकारचे जीवन जगते. महाराष्ट्रात घरोघरी ‘ब्रह्मकमळ’ या नावाने जोपासले जाणारे, रात्री उमलणारे फूलही अशाच एका अपिवनस्पती निवडुंगाचे आहे. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ ही अगदी वेगळ्या कुलातील वनस्पती होय.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. येथील दमट हवा आणि झाडांची सावली ख्रिसमस कॅक्टसला परकी वाटू नये अशीच आहे. फरक आहे तो ऋतूंच्या क्रमाचा. ब्राझीलमध्ये ही वनस्पती मे महिन्यात फुलते व तेथे तिला ‘मे महिन्याचे फूल’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. दक्षिण गोलार्धात मे महिन्यात शरद ऋतू सरत असतो आणि रात्री मोठ्या होत असतात. तीच वनस्पती उत्तर गोलार्धात आणली की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फुलते. यावरून तिचे घड्याळ दिनदर्शिकेवर नव्हे, तर रात्रीच्या लांबीवर चालते हे उघड होते.

रात्रीचे गणित

दिवस-रात्रीच्या लांबीला वनस्पती देत असलेल्या प्रतिसादाला प्रकाशकालिता असे म्हणतात. अमेरिकेतील गार्नर व अॅलार्ड यांनी तंबाखूच्या एका वाणावरील प्रयोगांतून १९२० मध्ये ही संकल्पना मांडली. लहान दिवसांत फुलणाऱ्या वनस्पतींना लघुदिन वनस्पती असे नाव मिळाले. १९३८ मध्ये हॅम्नर व बॉनर यांनी गोखरूवर्गीय वनस्पतीवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखविले, की निर्णायक घटक दिवस लहान असणे हा नसून रात्र सलग व पुरेशी मोठी असणे हा आहे. दीर्घ रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ जरी दिवा लावला, तरी वनस्पती ती रात्र ‘मोठी’ म्हणून मोजत नाही. प्रकाशाची ही जाणीव फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्यामार्फत होते व तांबड्या प्रकाशाला ते विशेष संवेदनशील असते.

ख्रिसमस कॅक्टस ही लघुदिन वनस्पती आहे. सामान्यतः १३ ते १४ तासांचा सलग अंधार सुमारे सहा आठवडे द्यावा, असे बागकामाच्या पुस्तकांत सांगितलेले असते. हा सल्ला मुख्यतः युरोप-अमेरिकेतील वाचकांसाठी असतो. लोणावळा सुमारे १८.७५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे जूनमधील सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा असतो. ऑक्टोबरच्या मध्यास सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतचा काळ जेमतेम सव्वाबारा तास भरतो. नोव्हेंबरच्या मध्यास तो पावणेतेरा तासांवर जातो. त्यातून संधिप्रकाशाचा वेळ वजा केला, तर खरा अंधार आणखी कमी होतो. म्हणजेच येथील निसर्ग ख्रिसमस कॅक्टसला आवश्यक तेवढी रात्र देतो, परंतु हात राखून देतो. अशा स्थितीत कृत्रिम प्रकाशाने घेतलेला एखादा तासही महागात पडतो.

तापमानाची साथ

रात्रीची लांबी कमी पडते तेथे थंडी साहाय्य करते. रात्रीचे तापमान सुमारे १० ते १३ अंश सेल्सिअस राहिल्यास दिवस-रात्रीच्या लांबीची फारशी पर्वा न करता कळ्या धरू शकतात. साधारण १५ ते २० अंशांच्या दरम्यान दीर्घ रात्रीची गरज असते. रात्रीचे तापमान त्याहून बरेच वर राहिल्यास रात्र मोठी असूनही पुष्पन रोडावते. मावळात पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये उकाडा जाणवतो व नंतर रात्री गार होऊ लागतात. त्यामुळे बंद, उबदार खोलीतील कुंडीपेक्षा मोकळ्या हवेतील, परंतु आडोशाची कुंडी अधिक खात्रीने फुलते.

मावळातील फूलशेतीचा संदर्भ

पुष्पनाचे वेळापत्रक आखणे मावळाला नवीन नाही. तळेगाव दाभाडे परिसरातील हरितगृहांतून फेब्रुवारीतील व्हॅलेंटाइन दिनासाठी गुलाब देशाविदेशांत जातो. तेथील राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत हरितगृह व्यवस्थापनाचे प्रशिक्षणही दिले जाते. तथापि गुलाब ही दिननिरपेक्ष वनस्पती आहे. तिच्या फुलण्याची तारीख मुख्यतः छाटणीच्या तारखेवरून साधली जाते. शेवंती मात्र लघुदिन वनस्पती असल्याने हरितगृहात तिची वाढ हवी असते तेव्हा रात्री दिवे लावतात व फुले हवी असतात तेव्हा काळे आच्छादन घालतात. ख्रिसमस कॅक्टसचे तत्त्व गुलाबाचे नसून शेवंतीचे आहे. फरक एवढाच, की हरितगृहातील काळ्या आच्छादनाचे काम घरात पुठ्ठ्याचे खोके करते.

स्थानिक अडथळे

मावळात दोन अडथळे विशेषत्वाने जाणवतात. पहिला पावसाचा. लोणावळ्यात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस तळेगावकडे जाताना तो झपाट्याने घटतो. पागोळ्यांखाली ठेवलेल्या कुंडीतील माती आठवडेच्या आठवडे ओली राहते, मुळे गुदमरतात व बुरशीमुळे कुजतात. शरद ऋतूत अशा रोपाजवळ कळ्या धरण्याइतकी शक्तीच उरत नाही.

दुसरा अडथळा प्रकाशाचा. कळ्या धरण्याचा काळ आणि दिवाळीचा काळ एकच आहे. ज्या गॅलरीत कुंडी असते तेथेच आकाशकंदील व विजेच्या माळा लागतात आणि पुष्कळदा तुळशीच्या लग्नापर्यंत रात्री तेवत राहतात. आठवडाअखेरच्या बंगल्यांत सुरक्षेसाठी व्हरांड्यातील दिवा रात्रभर चालू असतो. माणसाच्या दृष्टीने मंद असलेला हा उजेड रोपाची रात्र मोडण्यास पुरेसा ठरू शकतो. पौर्णिमेचे चांदणे मात्र विजेच्या दिव्याच्या तुलनेत इतके क्षीण असते, की त्याने सामान्यतः बाधा येत नाही. सण साजरा करू नये असा याचा अर्थ नाही. कुंडी घराच्या अंधाऱ्या बाजूस नेली तरी पुरते.

संगोपनाचा क्रम

१. जून ते सप्टेंबर : कुंडी पावसापासून आडोशाला, परंतु हवेशीर जागी ठेवावी. मिश्रण भुसभुशीत असावे. कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा, जाड वाळू व कोळशाचे किंवा विटांचे बारीक तुकडे यांचे मिश्रण योग्य ठरते. नुसती तांबडी किंवा काळी चिकट माती वापरू नये. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

२. सप्टेंबर : नत्रयुक्त खत बंद करावे. टोकाची अगदी कोवळी, अपक्व पर्णकांडे हलकेच पिळून काढावीत, कारण कळी पक्व पर्णकांडाच्या टोकावरच चांगली धरते.

३. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा : अंधार देण्यास प्रारंभ करावा. या प्रक्रियेच्या आरंभापासून फुले उमलण्यास साधारण ९ ते १० आठवडे लागतात. नाताळात फुले हवी असल्यास हाच काळ योग्य होय. सायंकाळी ५ ते सकाळी ८ या वेळेत कुंडीवर पुठ्ठ्याचे खोके किंवा जाड काळे कापड घालावे व दिवसा ते काढून कोवळ्या, गाळीव उजेडात रोप ठेवावे. आच्छादनात उष्णता कोंडणार नाही याकडे लक्ष द्यावे. एकही रात्र चुकू न देण्याचा प्रयत्न करावा.

४. नोव्हेंबर : टोकांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या दिसू लागल्यावर आच्छादनाची गरज उरत नाही. वरचा थर सुकल्यावरच, पण नियमित पाणी द्यावे.

५. फुले गळाल्यानंतर : काही आठवडे पाणी कमी करून विश्रांती द्यावी. उन्हाळ्यात दुपारचे कडक ऊन टाळावे, अन्यथा पर्णकांडे तांबूस पडून सुरकुततात. दोन-तीन पर्णकांडांचा तुकडा दोन दिवस सावलीत सुकवून लावल्यास नवे रोप सहज तयार होते. वाटण्यासाठी अशी रोपे घरीच होत असल्याने दरवर्षी नवी कुंडी विकत घेण्याचा खर्चही वाचतो.

कळ्या गळण्याची कारणे

कळ्या धरूनही त्या उमलण्यापूर्वी गळणे ही स्वतंत्र समस्या आहे. कुंडीची जागा वारंवार बदलणे, माती एकदम कोरडी पडणे किंवा चिंब होणे, अतिउष्ण खोली आणि इथिलीन वायू ही तिची प्रमुख कारणे होत. पिकणारी केळी, सफरचंदे इत्यादी फळे इथिलीन सोडतात. त्यामुळे कळ्यांनी भरलेली कुंडी फळांच्या टोपलीशेजारी मांडणे टाळावे.

निष्कर्ष

१. ख्रिसमस कॅक्टस न फुलण्याचे कारण बहुधा खताचा अभाव नसून सलग अंधाराचा अभाव हे असते.
२. मावळाच्या अक्षांशावर नैसर्गिक रात्र पुष्पनासाठी काठावरची आहे. तिला गारव्याची जोड मिळाली व दिव्यांचा अडथळा टळला, तर खोके न घालताही रोप फुलू शकते, मात्र काहीसे उशिरा.
३. पाश्चात्त्य पुस्तकांतील वाळवंटी निवडुंगाचे किंवा बर्फाळ प्रदेशातील घरांचे नियम येथे जसेच्या तसे लागू करणे अयोग्य आहे. पावसाळ्यातील मुळांचे रक्षण हा येथील संगोपनाचा पाया होय.

समारोप

गेल्या काही दशकांत गावे व शहरे उजळली आणि अंधार ही अडचण मानली जाऊ लागली. वनस्पतींच्या दृष्टीने मात्र अंधार हाही पाणी व खत यांच्याइतकाच आवश्यक घटक आहे. खिडकीतील एका लहानशा कुंडीच्या साहाय्याने हे तत्त्व शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येते. एकाच रोपापासून केलेल्या दोन कुंड्यांपैकी एक दिव्याखाली व एक अंधारात ठेवली, तर डिसेंबरपर्यंत उत्तर समोर येते. त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. सहा आठवडे न चुकता पाळलेली रात्र पुरेशी आहे.